ऑर्लन टटलची शेगडी

ऑर्लन टटल डॉक्टरकडे जायचा तो आधी गवताचे ट्रक तोलायच्या काट्यावर स्वतःचं वजन करून. दवाखान्यातला काटा चार पौंड जास्त दाखवतो याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि का दाखवतो तेही त्याला ठाऊक होतं. वजन जास्त निघालं की गोळ्या जास्त खपतात. गवताचा काटा वीस-वीस पौंडांनीच हलतो, त्याला तुझे चार पौंड कळायचे कसे, असं त्याची बायको आर्डिथ त्याला दर खेपेला विचारी. “निदान तो काटा माझ्या ओळखीचा आहे,” तो म्हणायचा.

आल्डर गावात त्याचा हा स्वभाव लहानथोरांना माहीत होता. दुकानातून आणलेल्या पावाच्या चकत्या तो मोजायचा. चर्चमधलं घड्याळ मुद्दाम मागे ठेवतात, म्हणजे प्रवचन लांबलेलं कळत नाही, असं त्याचं मत होतं. पण माणूस कामाचा. पाटावरच्या पाण्याच्या पाळ्या बावीस वर्षं त्यानेच सांभाळल्या, आणि संशयी पाटकऱ्याच्या हातात पाटाच्या दारांच्या किल्ल्या असल्या की कोणाचं पाणी पाच मिनिटंसुद्धा इकडचं तिकडे होत नाही. म्हणून लोक त्याला हसायचे आणि त्याच्यावरच विसंबायचे. आता अशा माणसाच्या अंगणात गावाने ढगांतून बर्फ पाडायचं यंत्र आणून बसवावं, याला काय म्हणावं?

त्याची हकिगत अशी. आल्डरच्या पूर्वेला बिशपची पाठ नावाचा डोंगर आहे. बसलेल्या माणसाच्या पाठीसारखा गोल, लांबच लांब. हिवाळ्यातली वादळं पश्चिमेकडून येतात, आमच्या अंगावरून वर चढतात आणि पाठीवर बर्फ टाकतात. उरलंसुरलं पलीकडे उतरतं, तिथे रेडसँड गाव आहे. डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळाभर वितळतो, तेच आमचं पाणी. उन्हाळ्यात आभाळाकडून थेंबाची अपेक्षा कोणी ठेवत नाही. प्रार्थनेतसुद्धा आम्ही पाऊस मागत नाही की बर्फ मागत नाही, ‘ओलावा’ मागतो. कुठल्या रूपात द्यायचा ते देवाने ठरवावं. हाच ओलावा पलीकडचे रेडसँडवालेही मागतात, त्याच रविवारी, त्याच शब्दांत. आणि रेडसँडला ऑर्लनचा सख्खा धाकटा भाऊ वर्ल राहत होता.

चौदा वर्षांपूर्वी पाट कंपनीच्या अध्यक्षांनी, म्हणजे ब्रदर हन्सेकरांनी (चर्चमध्ये आम्ही एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणतो), चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सभा बोलावली. शहरातल्या एका कंपनीचा माणूस नकाशे घेऊन आला होता. तो म्हणाला, ढगात पाणी असतं, पण गोठायला त्याला काहीतरी कण लागतो. चांदीचं एक मीठ द्रावणात विरघळवून ज्योतीत जाळलं की त्याचा अदृश्य धूर वाऱ्याबरोबर डोंगर चढतो आणि ढगात बर्फ धरतो. त्यासाठी घाटाच्या तोंडाशी एक शेगडी बसवायची, आणि ती पेटवायला तिथलाच एखादा भरवशाचा माणूस हवा.

घाटाच्या तोंडाशी जमीन होती ती ऑर्लनची. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून वर्ल उठला. डोंगराला नव्वद मैलांचा वळसा घालून तो मुद्दाम या सभेसाठी आला होता.

“ढगात पाणी किती असतं ते मोजलेलंच असतं ना?” तो त्या कंपनीच्या माणसाला म्हणाला. “ते तुम्ही इकडेच उतरवून घेतलंत की माझ्याकडे काय येणार? मोकळं गाठोडं?”

“तसं होत नाही, सर. ढगातल्या पाण्याचा अगदी थोडा भाग—”

“थोडाच येतो आमच्याकडे. त्या थोड्यातलाच थोडा तुम्ही घेणार!” मग तो भावाकडे वळला. “ऑर्ल, तू हे पेटवणार नाहीस. सांग यांना.”

हेच त्याने घरी स्वयंपाकघरात बसून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण पन्नास माणसांसमोर धाकट्या भावाने हुकूम सोडलेला ऑर्लनला झोंबला.

“माझ्या जमिनीवर काय पेटवायचं ते मी बघेन,” तो म्हणाला.

“बघ की. आपल्या भावाच्या तोंडचा घास ओढायला तुला शेगडी कशाला लागते? असाच ओढला असतास.”

“वर्ल, खाली बस.”

“बसतो. आता तुझ्या दारात पाय ठेवीन तर सांग.” आणि तो हॉलमधून निघून गेला. टेबलावर मांडलेले बन आणि चीजमध्ये भाजलेले बटाटे तसेच राहिले, त्याच्या बायकोला, लाव्हॉनला, त्याच्यामागे धावत जावं लागलं.

ऑर्लनने काम घेतलं. घरी आल्यावर आर्डिथ त्याला म्हणाली, “तुला तर त्या माणसाच्या एका शब्दावर विश्वास नाही. मग हो का म्हणालास?”

“मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी घेईल.”

“घेऊ दे की!”

“तो खरंच पेटवेल,” ऑर्लन म्हणाला. त्याचा अर्थ आर्डिथने त्या दिवशी विचारला नाही आणि त्यानेही सांगितला नाही.

शेगडी बसली. माणसाएवढा उंच पत्र्याचा नळ, बाजूला गॅसची टाकी आणि द्रावणाची टाकी, मध्ये काचेची छोटी खिडकी. वादळ येणार असलं की शहरातून केंडल नावाच्या हवामानवाल्याचा फोन यायचा. हा केंडल आवाजावरून जेमतेम तिशीचा. पहिल्याच फोनला ऑर्लनने त्याला विचारलं, “तू केंडलच कशावरून?”

“म्हणजे काय, ब्रदर टटल?”

“माझ्या घाटात आग लावायला कोणीही फोन करेल. खूण सांग.”

मग त्या दोघांत असं ठरलं की दर फोनला ऑर्लनने आपण काय जेवलो ते सांगायचं आणि पुढच्या फोनला केंडलने ते खूण म्हणून परत सांगायचं. तो बिचारा ते लिहून ठेवू लागला. “हरणाचं मटण आणि बाटलीतले पीच,” तो म्हणायचा, मग ऑर्लन पुढचं ऐकून घ्यायचा. “पाच वाजता पेटवा, ब्रदर टटल. नऊ तास.”

पाचला ऑर्लन शेगडीपाशी जायचा. गॅस सोडायचा, ज्योत लावायचा, काचेच्या खिडकीतून निळी ज्योत दिसू लागली की रस्त्यावरून जाणारे येणारे हात हलवून जायचे. आता दुसरी चावी उघडायची, म्हणजे द्रावण ज्योतीत शिरतं आणि मग ज्योत पिवळी होते.

ती चावी ऑर्लनने चौदा हिवाळ्यांत एकदाही उघडली नाही.

नुसता गॅस जाळायचा. निळी काय अन् पिवळी काय, रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतंय कुठे? पण कंपनीचा माणूस महिन्याकाठी टाकीची पातळी बघायला येई, म्हणून जितके तास शेगडी जळाली असेल तितक्या तासांचं द्रावण ऑर्लन टाकीतून काढून घ्यायचा. अंदाजाने नाही, मापून. फसवणुकीतही त्याला चोख हिशेब लागायचा. आणि काढलेलं ओतून तरी कुठे द्यायचं? ओढ्यात ओतलं तर मासे मरतील, जमिनीत ओतलं तर विहिरीत उतरेल, अशा त्याला शंका. तेव्हा त्याने बापाच्या वेळचे दुधाचे कॅन काढले.

टटल भावांचा बाप दूध घालायचा. प्रत्येक कॅनवर त्यांच्या गोठ्याचा क्रमांक होता, लाल रंगात सत्तेचाळीस. हे दोघे पोरगे पहाटे एकेका कानाला धरून भरलेला कॅन रस्त्यापर्यंत न्यायचे, आणि ऑर्लन आपली बाजू वर उचलून सगळा भार माझ्याकडे ढकलतो अशी वर्लची तक्रार असायची. म्हणजे संशय हा काही एकट्या ऑर्लनला मिळाला नव्हता, तोही बापाच्या इस्टेटीसारखा दोघांत वाटला गेला होता. त्या कॅनांत ऑर्लन द्रावण भरू लागला. झाकणाखाली रबराची चकती, कानाला तारेने बांधलेली पत्र्याची चिठ्ठी, तीवर तारीख आणि तास. हिवाळ्याला दोन कॅन भरायचे. कोठारात डाव्या भिंतीशी रांग वाढत गेली.

भावासाठी केलं हे? केलं तर भावासाठीच. पण त्याला विचाराल तर तो असं म्हणाला नसता. तो म्हणाला असता, आधी मला पटू दे की यात काही तथ्य आहे, मग उघडीन चावी. तोपर्यंत भावाच्या तोंडचं पाणी पणाला कशाला लावू? वर्लने एकदा येऊन विचारावं एवढीच त्याची अपेक्षा होती. वर्लला वाटायचं, ऑर्लने येऊन माफी मागावी. मध्ये नव्वद मैल आणि बिशपची पाठ.

पहिल्या वसंतात कंपनीचा अहवाल आला. घाटातल्या शेगडीमुळे पाठीच्या पश्चिम अंगावर बर्फात आठ टक्के वाढ! ऑर्लनने तो तीनदा वाचला. मग एकटाच कोठारात जाऊन इतका हसला की शेळ्या दचकल्या. जन्मभर त्याला वाटत आलं होतं की मोठे लोक आकडे मनाचे लिहितात, आणि आता त्याचा पुरावा त्याच्या हातात होता, तोही स्वतःच तयार केलेला. पण सांगायचा कोणाला? सांगितलं तर आल्डर विचारणार, की म्हणजे तू पेटवलीच नाहीस? त्याने अहवाल कोठाराच्या दाराला आतून खिळ्याने ठोकला. दर साली एक, असे चौदा झाले.

गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. दहाव्या वर्षी ब्रदर हन्सेकरांनी पाटाच्या सभेत लाकडी पाटी दिली, ‘आल्डरचा बर्फवाला’. आर्डिथने ती दिवाणखान्यात लावली. ऑर्लन त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

कारण पुढच्या दोन वर्षांतच एक शंका उलटून त्याच्याकडेच आली. बाराव्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ कमी पडला. जुलैच्या अखेरीला पाट आटला, आणि पाटाच्या शेपटाला अगदी शेवटी असलेला हन्सेकरांचा मुलगा रीड, त्याचा चाळीस एकर लसूणघास उभा वाळला. पाटकरी म्हणून ऑर्लनलाच त्याच्या पाण्याचं दार बंद करायला जावं लागलं. रीड म्हणाला, “तुम्ही काय करणार, ब्रदर टटल. तुम्ही तर तुमच्याकडून सगळं केलंत.” त्या दिवशी ऑर्लन घरी येऊन जेवला नाही. ती कंपनी खोटी असेल तर प्रश्नच नाही. पण खरी असेल तर? खरी असेल तर रीडच्या चाळीस एकरांना त्याने, ऑर्लन टटलने, वाळवलं होतं. इतकी वर्षं चावी बंद ठेवून त्याला यंत्र खरं की खोटं हेही कळलं नव्हतं. आणि आता त्याला जे कळायला हवं होतं, तेच त्याला सगळ्यात नकोसं झालं.

वर्ल आणि ऑर्लन बोलत नसले तरी त्यांच्या बायका बोलायच्या. आर्डिथ आणि लाव्हॉनचा फोन आठवड्यातून दोनदा ठरलेला, वादळ आलं की जास्तीचा. याच फेब्रुवारीत आर्डिथ फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “वर्ल जागा विकतोय. गिऱ्हाईक ठरलंय. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी मुलाकडे ॲरिझोनाला चाललेत, कायमचे.”

ऑर्लन पावाला लोणी लावत होता. “का?”

“का काय? सहा वर्षांत त्याच्या झऱ्याला पाणी नाही. गुरं विकली. लाव्हॉन म्हणते, रोज सकाळी डोंगराकडे बघतो आणि म्हणतो, माझा बर्फ तिकडे माझ्या भावाच्या पाटात वाहतोय.”

ऑर्लनने सुरी खाली ठेवली. वर्ल बहात्तर वर्षांचा, तो पंच्याहत्तर. ॲरिझोनाहून वर्ल काही परत येणार नव्हता, आणि ही दोन्ही म्हातारी माणसं पुन्हा भेटायची ती बहुधा एकाच्या शवपेटीपाशी. तोवर वर्ल त्याला चोर समजूनच राहणार.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे उपासाचा. त्या दिवशी आमच्याकडे प्रवचन नसतं, ज्याला वाटेल त्याने उभं राहून मनातलं बोलायचं. त्यात यंदा दुष्काळ, म्हणून आल्डरने ओलाव्यासाठी खास उपास धरलेला. ऑर्लनने ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. गावाला कळलं की रेडसँडला दुपारपर्यंत कळेल. सिस्टर ओव्हार्ड आपलं बोलून खाली बसल्या, आणि ऑर्लन उठला. चौदा वर्षांत तो कधी उठला नव्हता, त्यामुळे झोपलेलेही जागे झाले.

“त्या शेगडीबद्दल,” तो म्हणाला.

हन्सेकरांनी पुढच्या बाकावरून वळून त्याच्याकडे बघितलं आणि कौतुकाने मान हलवली. त्यांच्या शेजारी रीड, रीडच्या मांडीवर त्याची धाकटी. 

“ओलाव्याबद्दल मी देवाचा आभारी आहे,” तो म्हणाला आणि खाली बसला. सगळे ‘आमेन’ म्हणाले.

घरी परतताना गाडीत आर्डिथ म्हणाली, “भित्रा कुठला.”

“तुला काय माहीत मी काय सांगणार होतो?”

“चौदा वर्षं तू शेगडीपाशी जातोस आणि कोठारातून परत येतोस. अंगाला नखं रंगवायच्या दुकानासारखा वास. तुला वाटलं, मला दुसरी कोणी बाई वाटेल? या वयात? या थोबाडाला?”

ऑर्लनने गाडी कडेला घेतली. जगात सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, पण बायकोला आपला संशय येईल ही शंका त्याला कधी शिवली नव्हती.

“बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर लाव्हॉनशी फोनवर खोटं बोलावं लागलं असतं. तिने विचारलं की मी म्हणायचे, ऑर्लन शेगडीपाशी गेलाय. ते खरंच होतं.” मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सांगितलंस तर इथले लोक आपल्याला तोंड दाखवू देणार नाहीत, हे धरून चाल. रीडची बायको माझ्याकडून बन करायला शिकते. ती यायची थांबेल.”

“मग काय करू?”

“मला विचारू नकोस. भाऊ तुझा आहे.”

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ऑर्लनने पिकअपला घोड्यांचा ट्रेलर जोडला आणि त्यात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कॅन चढवले. पाठ दुखून आली, पण त्याने मदतीला कोणाला बोलावलं नाही. आर्डिथने मागच्या सीटवर बनचा डबा ठेवला आणि शेजारी येऊन बसली.

“तू कशाला?” तो म्हणाला.

“तू वाटेतून परत फिरशील म्हणून,” ती म्हणाली.

रेडसँडला वर्लच्या अंगणात ट्रक उभा होता आणि चर्चची दहाबारा माणसं सामान चढवत होती. कोणी घर सोडून चाललं की गावातले पुरुष शनिवारी हातमोजे घालून हजर होतात, ती आमची रीतच आहे. त्यांत रीड हन्सेकरचा मेव्हणा टेरलही होता. त्याला बघून ऑर्लनने एकदा आर्डिथकडे पाहिलं. इथे बोललेलं दुपारच्या आत आल्डरला पोचणार, हे दोघांनाही कळलं. ती गाडीतून उतरून सरळ लाव्हॉनकडे गेली.

वर्ल दारात आला. तो वाळला होता, बाकी तसाच. त्याने भावाकडे बघितलं नाही, ट्रेलरकडे बघितलं. फटीतून लाल सत्तेचाळीस आकडा दिसत होता.

“बाबांचे कॅन,” तो म्हणाला. “पन्नास वर्षांनी माझी वाटणी आणलीस होय? आता? मी कुठे ठेवू ते, वाळवंटात?”

“उघडून बघ.”

“काय भरलंयस? माझं पाणी?”

“तेच समज,” ऑर्लन म्हणाला.

वर्लने एका कॅनचं झाकण ठोकून काढलं, आत डोकावला आणि एकदम मागे सरला. “काय हे? डोळे चुरचुरले.”

“शेगडीत जाळायचं ते. सगळं. चौदा हिवाळ्यांचं. मी एक थेंब जाळला नाही, वर्ल.” सामान उचलणारे हात थांबले होते. ऑर्लनने आवाज खाली आणला नाही, उलट चढवलाच, म्हणजे पुन्हा सांगायला नको. “नुसता गॅस पेटवायचो. ढगाला मी हात लावला नाही. आल्डरला फसवलं मी.”

टेरलच्या हातातली खुर्ची खाली टेकली. तो ट्रकच्या मागे गेला आणि खिशातून फोन काढताना दिसला.

वर्ल हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. “काल भरून आणलंस. मी जाताना माझं तोंड गोड करायला.”

“काल भरलं असतं तर तळाशी साका बसला असता का? चिठ्ठ्या वाच.”

“चिठ्ठ्या तर कालही लिहिता येतात.”

“मग काय करू, बाबांना बोलावू?”

वर्ल घरात गेला. बाहेर सगळे वाट बघत राहिले. तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत भिंतीवरच्या कॅलेंडरांचं बंडल होतं, पेंडीच्या दुकानात फुकट मिळतात ती, सुतळीने बांधलेली, चौदा. लाव्हॉनने तोंडावर हात ठेवला. तो ती कॅलेंडरं ॲरिझोनाला घेऊन चालला होता, हे तिलाही माहीत नव्हतं.

“हिचा आर्डिथशी फोन झाला की मी विचारायचो, ऑर्ल कुठे आहे,” वर्ल म्हणाला. “शेगडीपाशी म्हटलं की मी फुली मारायचो. तू जेव्हा जेव्हा माझं पाणी चोरलंस ते मला लिहून ठेवायचं होतं. वाच तुझ्या चिठ्ठ्या.”

ऑर्लन वाकून एकेका कॅनवरची चिठ्ठी वाचू लागला आणि वर्ल कॅलेंडरात बघू लागला. “तीन डिसेंबर.” “आहे.” “अकरा डिसेंबर, सात तास.” “आहे.” “एकोणतीस.” वर्ल पानावरून बोट फिरवायचा. “फुली नाही.” “त्या दिवशी लाव्हॉनचा फोन आला नसेल.” “हं. आली होती तिला सर्दी.” दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ते उभ्याने वाचत होते. मग वर्लला कोणीतरी खुर्ची दिली ती त्याने घेतली नाही, तो ट्रेलरच्या मागच्या फळीवर, कॅनांना पाठ लावून टेकला. वाचून दाखवायचा वेग कमी होत गेला. सातव्या हिवाळ्यातल्या जुळल्या, आठव्यातल्या जुळल्या. नवव्या कॅलेंडरावर वर्लने फुलीशेजारी एक शिवी लिहिली होती, ती त्याने अंगठ्याने झाकली.

अकराव्यापाशी त्याने कॅलेंडर मिटलं.

“पुढे वाचू?” ऑर्लनने विचारलं.

“नको.”

गाडीतून बन आणि घरातून पीच आणून आर्डिथने कोणाला न विचारता वाढायला सुरुवात केली होती, पण कोणी हात लावत नव्हतं. टेरल परत येऊन ट्रकला टेकून उभा होता आणि ऑर्लनकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. ऑर्लनने त्याच्याकडे बघायचं टाळलं नाही.

वर्लने मान वर केली. समोर बिशपची पाठ होती, पूर्वेकडून दिसते तशी, मार्चमध्येच अर्धीअधिक उघडी पडलेली, करडी.  बहात्तर वर्षांचा माणूस, पण आवाज आला तो रस्त्याकडेला भरलेला कॅन टेकवून तक्रार करणाऱ्या पोराचा.

“तू नाही नेलास,” तो म्हणाला. “मग माझा बर्फ नेला कोणी, ऑर्ल?”

ऑर्लनने तोंड उघडलं. जन्मभर प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक चोर तयार असायचा. डॉक्टर, पाववाला, चर्चचं घड्याळ फिरवणारा, आकडे लिहिणारी कंपनी. त्याने डोंगराकडे पाहिलं, डोंगरावरच्या रिकाम्या आभाळाकडे पाहिलं आणि त्याला एकही नाव सुचलं नाही. तो वर्लच्या शेजारी फळीच्या टोकाला बसला.

“मला माहीत नाही रे,” तो म्हणाला.

वर्लने बंडलाची सुतळी पुन्हा बांधली, गाठ दोनदा मारली. मग ते भावाच्या मांडीवर ठेवलं आणि थोडा सरकून त्याला जागा दिली.